गणित सोडायचं का? आतड्यांतल्या जिवाणूंवर काम करू पाहणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची लेक अकरावीत आहे, नववीपासून तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार आहे आणि दवाखान्याच्या फेऱ्या मारता मारता तिला आतड्यांतल्या जिवाणूंचा नाद लागलाय. क्लासवाले म्हणतात, गणित सोडा आणि नीटच्या मागे लागा. तिच्या बाबांचंही तेच मत. तुम्ही विचारताय, आजारपणातून आलेली ही ओढ टिकेल का, आणि टिकली तर त्यावर पोट भरेल का?

आधी तातडीचं. गणित सोडू देऊ नका. पुण्यात पाषाणला आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस करता येतो. त्याच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचे प्रश्न जीवशास्त्राइतकेच असतात. पण परीक्षा हे दुय्यम कारण. या विषयातलं निम्मं काम आता संगणकावर चालतं. शौचाच्या चिमूटभर नमुन्यातून डीएनएचे लाखो तुकडे वाचले जातात आणि त्यांतून अर्थ काढायला संख्याशास्त्र लागतं.

एक उदाहरण देते. फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी नावाचा जिवाणू ब्युटिरेट तयार करतो, आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन. क्रोन्स हा आतड्यांच्या सुजेचा कोलायटिससारखाच दुसरा आजार. त्याच्या ज्या रुग्णांमध्ये हा जिवाणू कमी होता, त्यांच्यात ऑपरेशननंतर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, असं फ्रान्समधल्या गटाने २००८ मध्ये मांडलं. मग जिवाणू घटला म्हणून आजार झाला, की सुजलेल्या आतड्यात त्याला टिकता येईना म्हणून तो घटला? हा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. २०१५ मध्ये तर निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू कोलायटिसच्या रुग्णांना देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्या एकाच नियतकालिकात आल्या. कॅनडातल्या चाचणीत फायदा दिसला, नेदरलँड्समधल्या चाचणीत ठोस फरक आढळला नाही. अशा बातम्यांनी लेक हिरमुसते की तिचे डोळे चमकतात, ते बघा. ओढ टिकेल का, याचा अंदाज मला तरी त्यावरूनच येतो.

प्रयोगशाळेतला दिवसही तिला माहीत हवा. हाच जिवाणू ऑक्सिजन लागला की काही मिनिटांत मरतो. म्हणून त्याला ऑक्सिजन काढून टाकलेल्या बंद पेटीत वाढवतात. पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून जिवाणू वाढवायच्या प्लेटा हाताळायच्या. नाक खाजलं तरी हात चटकन बाहेर काढता येत नाही. इतकं करून दोन दिवसांनी प्लेट कोरीच निघू शकते.

तिच्या तब्येतीबद्दलही एक सांगते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर रोगजंतूंवर हाताने काम करण्याआधी तिच्या डॉक्टरांना आणि पुढे गाईडला स्पष्ट विचारायचं. अशा वेळी संगणकाची बाजू तिला खुली राहते, हेही गणित न सोडण्याचं एक कारण. आणि कुठलाही शोधनिबंध वाचून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे तिला खडसावून सांगा. हुशार मुलंच हा आगाऊपणा करतात.

पुण्यात राहून हे शिकणं सोपं आहे. आयसर नाही जमलं, तर गरवारे किंवा मॉडर्नमधून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, पुढे एमएस्सी. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. तिथे डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तेव्हा प्रीव्होटेला नावाचा जिवाणू भरपूर सापडला. परदेशी रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष आपल्या वरणभात-भाकरीच्या पोटाला जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही, त्यामुळे इथे काम पुष्कळ पडलंय.

आता पैशांचं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, नंतर ४२,०००. पीएचडीला पाच-सहा वर्षं धराच. फेलोशिप कधीकधी रखडते, घरात तेवढी पैशांची ऊब असू द्या. कायम नोकरी तिशीच्या आधी मिळणं अवघड. बाबांना हे आधीच सांगून टाका, म्हणजे पुढे घरात वाद नकोत.

नीटचं दार मात्र आत्ताच बंद करू नका. पोटविकारतज्ज्ञ होऊनही यावर संशोधन करता येतं, फक्त तो रस्ता लांबचा आहे. गणित ठेवून नीट देणारी मुलं मी पाहिली आहेत. दमछाक होते, पण जमतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. तिला घेऊन जा, पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठा आणि लेकीला तिच्याशी एकटीला बोलू द्या. तुम्ही तोवर बाहेर चहा घ्या.