भातावरची पाखरं हाकायला घरीच गोफण कशी विणावी? नायलॉनची हातातून निसटते.

नायलॉन घामट हातात सटकणारच. काथ्याचा सुंभही नको, बोटाला काचतो. ताग किंवा अंबाडी घ्या, जरा ओली करून विणली की वीण घट्ट बसते.

चार पदर घ्या, प्रत्येक हव्या त्या लांबीच्या दीडपट. सुरुवातीलाच मधलं बोट जाईल एवढा फासा करा. मग उजवीकडचा कडेचा पदर मागून दोन पदर ओलांडून न्यायचा आणि पुढून एकावरून परत उजवीकडे आणायचा, तसंच डावीकडून. गोल, भरीव दोरी तयार होते. साधारण ७० सेंटिमीटर झाल्यावर दोन पदर वाढवा आणि सहांच्या दोन तीनपेडी वेण्या चार-पाच इंच वेगवेगळ्या विणा. या दोन वेण्यांमध्येच दगड बसतो. खरं कसब इथंच आहे: दोन्ही वेण्या तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर दगड एका बाजूला कलतो आणि भलतीकडेच जातो. पुढे वाढीव पदर सोडून पुन्हा चौपेडी. दोन्ही बाजू सारख्या लांब ठेवा, शेवटी गाठ मारून खाली वीतभर झुपका मोकळा सोडा. गोफण सोडताना या झुपक्याचाच फट्टकन आवाज होतो. पाखरं बहुतेकदा तेवढ्यानेच उठतात.

जांभ्याचा खडबडीत तुकडा वेणीत अडकतो. वहाळातला गुळगुळीत गोटा किंवा सुकं ढेकूळ बरं. आणि कृपा करून वानरांवर नेम धरू नका. वाडीत, रस्त्याच्या दिशेने तर मुळीच भिरकावू नका.