व्यसन ‘करता’ येत नाही, ते लागते

आर्वी तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे की, ग्रामसभेच्या ठरावात ‘दारूचे व्यसन’ लिहावे की ‘दारूचा आजार’? त्यांच्या गावातील गुरुजींच्या मते व्यसन म्हणजे स्वखुशीने धरलेली वाईट सवय. तिला आजार म्हटले की पिणाऱ्याला पळवाट मिळते.

आधी एक तक्रार. भिंतींवर ‘व्यसन करू नका’ असे रंगवलेले दिसते आणि भाषणांतून ‘व्यसन करणारे तरुण’ ऐकावे लागतात. ही मराठी नव्हे. व्यसन लागते, जडते. ते कोणी करत नाही. आपल्याकडचा शेतमजूर येथे कधी चुकत नाही. ‘तो दारू पेते’ असे तो म्हणतो तेव्हा पिणारा कर्ता असतो. ‘त्याले दारूचा नाद लागला’ असे म्हणतो तेव्हा नाद कर्ता होतो आणि माणूस चतुर्थी विभक्तीत जातो. रोग की निवड, या वादाचे निम्मे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

आता व्युत्पत्ती. ‘वि’ या उपसर्गापुढे ‘अस्’, म्हणजे फेकणे, हा धातू येऊन ‘व्यसन’ बनते. ‘अस्त्र’ याच धातूचे, आणि ‘अभ्यास’सुद्धा! एकाच गोष्टीकडे मनाला पुनःपुन्हा टाकणे तो अभ्यास, आणि हितापासून दूर फेकले जाणे ते व्यसन. ही दोन सख्खी भावंडे आहेत, असे मी कोणत्याही सभेत ठामपणे सांगेन, कारण दोन्हींचे बळ पुनरावृत्तीतच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात नेमकी हीच फोड केली आहे: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’, जे माणसाला कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. त्याच अधिकरणात राजाचे मद्यपान येते, आणि आग, पूर, दुष्काळ व रोगराईही येते. मनुस्मृतीतील अठरा व्यसनांची यादी पुढे करून ‘व्यसन म्हणजे दुर्गुणच’ असा निकाल देणारे पंडित शब्दाचा अर्धा अर्थ कापून टाकतात. संकट हा त्याचा तितकाच जुना अर्थ आहे.

गुरुजींचे म्हणणे पहिल्या पेल्यापुरते खरे आहे. परंतु ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे, त्याने निश्चय करून ती एकाएकी सोडली तर हात थरथरतात, भास होतात, कधी झटके येतात, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास तो दगावूही शकतो. निव्वळ निवडीचा प्रश्न असता तर सोडण्याच्या निवडीने जीव धोक्यात आला नसता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला १९५६ सालीच आजार मानले. आणि पळवाटीचे म्हणाल, तर क्षयाच्या रुग्णालाही औषध स्वतःच घ्यावे लागते. आजार म्हटल्याने जबाबदारी संपत नाही.

तेव्हा ‘व्यसन’ हा शब्द खुशाल ठेवावा, फक्त क्रियापद सांभाळावे. ठरावात ‘दारूचे व्यसन लागलेल्या व्यक्तींच्या उपचारासाठी’ असे लिहावे.