कुणीच न उतरलेल्या जागेवर टेक्निकल डाइव्ह (खोल डाइव्ह, जिच्यात थांबत थांबत वर यावं लागतं) प्लॅन करताना कोणतं सॉफ्टवेअर वापरावं? ग्रेडियंट फॅक्टर किती ठेवावेत?

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो. सबसरफेस फुकट आहे, त्यातला प्लॅनर चांगला आहे, तो वापरा. ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे वर येताना किती सावधपणे थांबायचं ते ठरवणारे दोन आकडे, ४०/८० किंवा त्याहून सावध, म्हणजे कमी. पण नव्या जागेवर घात होतो तो बहुधा या आकड्यांमुळे नाही. तिथे खोलीच धड ठाऊक नसते, आणि सॉफ्टवेअर ती तुम्हालाच विचारतं.

देवगडच्या बाहेर, किनारा दिसेनासा झाल्यावर आणखी बरंच पुढे एक जागा आहे. नेमकी कुठे ते लिहिणार नाही. तिथे जाळी अडकतात हे तांडेलांना वर्षानुवर्षं माहीत आहे, त्यामुळे खाली बुडालेलं जहाज असणार असं आमच्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं. चार्टवर खोली ४२ मीटर. आमच्यातले एक ज्येष्ठ डायव्हर, ज्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो, त्यांनी ४२ धरून प्लॅन केला: तळाला हवा, वर येताना ५० टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन घातलेली हवा). कागदावर बिनचूक.

जागेवर पोहोचून फेऱ्या मारल्या तर साउंडरवर (बोटीतल्या खोली मोजणाऱ्या यंत्रावर) ५२. चार्टवरची खोली अगदी खालच्या ओहोटीची असते, तिच्यात भरतीचं पाणी मिळवावं लागतं, तेही धरलं, हिशेब जुळेना. तांडेल एवढंच म्हणाला, "हय तळ बरो नाय." शॉटलाइन (तळापर्यंत सोडलेला वजनाचा दोर) टाकून ओढली तर हुकाला हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आला. वरून खरखरीत, चिखलाचा वास मारणारा, पण दोरा शाबूत. दोन्ही हातांनी ताणून पाहिला, तुटला नाही.

मी म्हटलं, आज नाही. ते ज्येष्ठ डायव्हर म्हणाले, "अरे, दहा मीटरचा तर फरक. ऑक्सिजन मर्यादेत आहे ना?" होता. ५२ मीटरला दाब ६.२ बार, हवेतल्या ऑक्सिजनचा दाब १.३, म्हणजे तो विषारी ठरण्याच्या मर्यादेच्या आत. पण प्रश्न ऑक्सिजनचा नव्हताच.

एकाचा गॅस संपला आणि दोघं एकाच्या सिलिंडरवर वर निघाले असं धरा. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो; खाली हेच दाबाच्या पटीत वाढतं. दोघांचे ६०. खाली दोन मिनिटं सावरण्यात गेली, मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने २१ मीटरवरच्या नायट्रॉक्सपर्यंत. ४२ मीटरवरून याला सुमारे १२०० लिटर लागतात, म्हणजे १२-१२ लिटरच्या जोडसिलिंडरमध्ये ५० बार. ५२ वरून १७०० लिटर, म्हणजे ७० बारच्या वर. राखीव गॅसच एवढा वाढला, आणि डेको, म्हणजे शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला वर येताना घ्यावे लागणारे थांबे, वाढतो तो वेगळाच. त्यात जाळ्यात फिन अडकलं तर दोन मिनिटांत काय सावरणार?

आणि हवा! श्वासाच्या गॅसची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत असावी, ६.२ च्या वर कधीच जाऊ नये, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. हवा ३८ मीटरच्या आसपासच ६.२ गाठते. ५२ ला ती आठच्या घरात जाते. मेहनत केली की कार्बन डायऑक्साइड साचतो, वर नायट्रोजनची नशा, आणि समोर पूर्वी कुणीच न पाहिलेली जागा. १८/४५ ट्रायमिक्स (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन) घेतलं तर तिथेच घनता पाचच्या आत राहते आणि नशा २४ मीटरवरच्या हवेइतकी. हेलियम महाग आहे, मिळवायला खटपट पडते, मान्य. मग पैसे जमेपर्यंत थांबावं. "आम्ही पन्नासला हवेवर कितीदा गेलोय" हा पुरावा नाही. ज्यांचं बिनसलं ते हे वाक्य बोलायला उरलेले नाहीत.

त्या दिवशी बोट परत फिरवली. तुझ्यामुळे डिझेल आणि दिवस फुकट गेला, हे मला पुढे चारचौघांत पुष्कळदा ऐकवलं गेलं. फुकट गेला नव्हता. खोली कळली, जाळं कळलं, पाण्याची ओढ कळली. नव्या जागेची पहिली फेरी याचसाठी असते.

पुढे ट्रायमिक्स घेऊन गेलो, अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी मंद असते तेव्हा), कारण उधाणाला तिथली ओढ झेपणारी नाही. ते ज्येष्ठ डायव्हर आले नाहीत. ठरवलं होतं की तळाशी दहा मिनिटं, शॉटलाइन नजरेआड होऊ द्यायची नाही, फक्त बघायचं आणि मोजायचं. ४७ मीटरवर टॉर्चच्या उजेडात जाळं भिंतीसारखं उभं दिसलं, फ्लोट अजून त्याला वर ओढून धरत होते. आत एक खेकडा अडकला होता, जिवंत. जाळ्यामागे जहाज नव्हतं, खडकाचा कडा होता. आठव्या मिनिटाला जोडीदाराने अंगठा वर केला, म्हणजे डाइव्ह संपवून वर चला. का, ते मी बोटीवर आल्यावरही विचारलं नाही. कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, हा नियम ज्याला मान्य नाही त्याच्याबरोबर नव्या जागेवर उतरू नका, मग तो कितीही मोठा असो.

हे सगळं ओपन सर्किटचं झालं, म्हणजे सोडलेला श्वास पाण्यात जातो त्या साध्या सिलिंडरचं. रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून परत वापरणारं यंत्र) असेल तर बेलआउटचा, म्हणजे ते बिघडल्यावर लागणाऱ्या राखीव गॅसचा, हिशेब निराळा, आणि गुहेत तर प्रत्येक गोष्ट निराळी, तिथे माझ्या शब्दावर जाऊ नका. डेकोचा गॅस शॉटलाइनला टांगून ठेवू नका, अंगावर बाळगा, कारण लाइन सापडेलच असं नाही. एक डेको सिलिंडर हरवला तर काय, याचाही तक्ता पाटीवर लिहून न्या. रीकम्प्रेशन चेंबर (नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी आजारी पडलेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आहे, आज चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. मालवण-देवगडहून मुंबई म्हणजे रात्रभराचा रस्ता आहे. आणि वर आल्यावर त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, शरीरात नायट्रोजन भरलेला असताना आजारी पडायला तेवढी उंचीही पुरते. किनाऱ्यावर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी निघा.