त्या मुलीचे एकवीस तास

ताई,
मी हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत अकरा वर्षं आहे. वय 34, गाव वाई, सध्या टीम लीड. दीड वर्षापूर्वी मॅनेजर बदलले आणि तेव्हापासून नोकरी नकोशी झालीय. रात्री साडेदहाला क्लायंटचा कॉल, तो संपला की साहेबांचा वेगळा, रोजचे तेरा तास होतात. ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहितात, "झेपत नसेल तर सांगा, दुसरे आहेत." गणपतीला गावी गेलो, तर आरती चालू असताना लॅपटॉप उघडून बसावं लागलं. अप्रेजलला मला मधलं रेटिंग, आणि साहेबांची मर्जी सांभाळणाऱ्याला प्रमोशन. एचआरशी एकदा तोंडी बोललो. ते म्हणाले, डेटा दाखवा. कुठून दाखवणार? टाइमशीटमध्ये सगळे आठच तास भरतात, ती फॉर्मॅलिटी असते. जूनमध्ये एक फ्रेशर आली, तिला माहीत नव्हतं, तिनं पहिल्याच आठवड्यात शनिवार धरून 61 तास भरले. टीमच्या शीट मीच अप्रूव्ह करतो, म्हणून समजावून 40 करून घेतले, नाहीतर मलाच झापलं असतं. बायको म्हणते सोड, पण फ्लॅटचा हप्ता 47 हजार आहे. 2024 मध्ये पुण्यात ती सीए झालेली मुलगी गेली आणि कामाच्या ताणाची चर्चा झाली, तेव्हापासून आई रोज फोन करून जेवलास का विचारते. राजीनामा देऊ, सहन करू, की लेखी तक्रार करू?
– हिंजवडीतला एक

साहेबांचं नंतर बघू. आधी त्या मुलीचं बोलू.

एवढ्या मोठ्या पत्रात तिच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आलीत. कॉलेज संपवून आली, पहिला आठवडा. कुणीतरी तिला टाइमशीटचं पान उघडून दाखवलं आणि केलेले तास इथे भरायचे असं सांगितलं. तिनं भरले. तू लिहितोस, "तिला माहीत नव्हतं." काय माहीत नव्हतं तिला? सकाळी कधी आली, रात्री कधी उठली, शनिवारी किती वेळ बसली, सगळं माहीत होतं. त्या आठवड्यात तुमच्या अख्ख्या टीममध्ये खरी शीट तिची एकटीची होती. ती खोटी करून घेतली ती साहेबांनी नाही, तू.

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. साहेबांच्या वागण्याबद्दल तुझ्याशी मी सहमत आहे, माणूस उर्मट आहे, आरतीच्या वेळी लॅपटॉप उघडायला लावणं मला मुळीच पटत नाही. पण त्याबद्दल तुला हळहळ ऐकवत बसले, तर तू पुढच्या शुक्रवारी पुन्हा चाळीस चाळीसच्या शीट अप्रूव्ह करशील.

तिचे एकवीस तास गेले कुठे, याचा विचार केलास कधी? अकरा वर्षं तू या धंद्यात आहेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. क्लायंटशी करार दिवसाला आठ तासांचा असेल तर त्यापुढचं बिल निघत नाही. कंत्राट ठरावीक रकमेचं असेल तर जास्त तास दिसले की प्रोजेक्ट तोट्यात दिसतं. दोन्हीकडे मॅनेजरची अडचण, म्हणून वरून सांगावा येतो, आठच भरा. मग कागदावर उरतं ते एवढंच, की हे काम इतक्या माणसांनी आठवड्याला चाळीस तासांत उरकलं. पुढच्या कामाचं एस्टिमेट बांधताना हाच आकडा बाहेर निघतो. पुन्हा तेवढीच माणसं, तेवढीच मुदत. एक जादा माणूस द्या म्हणायला तुझ्याकडे तोंड राहत नाही, कारण तेवढ्या माणसांत काम होतं हे दर शुक्रवारी तूच लिहून दिलेलं असतं. साहेबांची टीम वरच्यांना कार्यक्षम दिसते. ज्याच्या प्रमोशनवर तू जळतोस तो मर्जी बोलून सांभाळत असेल, तू शीट दुरुस्त करून सांभाळतोस.

एचआरनं डेटा मागितला तो कदाचित तुला वाटेला लावायला. तरी प्रश्न रास्त होता. उद्या लेखी तक्रार केलीस की रोज तेरा तास राबवून घेतात, तर ते पहिल्यांदा काय उघडतील? तुझी शीट. सोमवारी आठ, मंगळवारी आठ, बुधवारी आठ. टीमची उघडली तर तिथेही आठ, आणि मंजुरीपुढे तुझं नाव. तुझी तक्रार तुझ्याच नोंदीवर आपटून पडेल.

आणि कायदा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, त्यावरच्या कामाला दुप्पट दरानं मोबदला आहे. मॅनेजर मंडळी त्यातून वगळलेली, पण तांत्रिक काम करणारी ती पोरगी त्यात बसते. तिच्या 61 मधले 13 तास त्या मर्यादेपलीकडचे होते. तू 40 लिहून घेतलेस आणि कायद्याला बघायलासुद्धा काही ठेवलं नाहीस.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. शिक्षण चौथीपर्यंत. घरात भिंतीवर कालनिर्णय असायचं, त्याच्या चौकोनात आई दुधाचा हिशेब लिहायची आणि त्याच चौकोनात खाली वडील पेन्सिलीनं जादा पाळीचे तास. पगाराचं पाकीट आलं की आधी कॅलेंडर खिळ्यावरून उतरायचं. एका महिन्यात चार तासांचा फरक निघाला, तर दोन दिवस त्यांनी हजेरीबाबूकडे खेटे घातले. आई म्हणाली, जाऊ द्या हो, चार तासांनी काय होतंय. ते गेलेच. त्यांना तास मिळाले की नाही ते मला आठवत नाही. खेटे आठवतात.

हे त्यांचं एकट्याचं नव्हतं. 1884 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं, त्यात काय मागितलं होतं? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार वेळेवर मिळावा हेही होतं, पण सगळा भर घड्याळावर. आधी तास मोजा, मग बाकीचं बोलू. रविवारची सुट्टी पदरात पडायला 10 जून 1890 उजाडलं. आज कागदावर शनिवार-रविवार दोन्ही सुट्ट्या असतात आणि तू शनिवारी बसलेल्या मुलीचे तास पुसतोस.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला जड जातंय. जपानमध्ये डेन्ट्सू या जाहिरात कंपनीत एक मुलगी 2015 च्या एप्रिलमध्ये लागली आणि त्याच नाताळात तिनं जीव दिला, तेव्हा ती 24 वर्षांची होती. तिथे महिन्याला 70 तास ओव्हरटाइमची मर्यादा होती, आणि तिनं स्वतः भरलेले आकडे बरोबर सत्तरच्या जेमतेम आत होते. वकिलांनी इमारतीच्या फाटकातल्या आत-बाहेरच्या नोंदी काढल्या, तेव्हा खरे तास दिसले. कामगार खात्यानं एका महिन्याचा ओव्हरटाइम सुमारे 105 तास धरला आणि 2016 मध्ये तो मृत्यू अतिकामाचा म्हणून मान्य केला. 2017 मध्ये कोर्टानं कंपनीला दंड केला, 5 लाख येन. तुझ्याकडच्या मुलीचं काही वाईट होईल असं मी म्हणत नाही, तसं मनातही आणत नाही. पण तुझी आई रोज तुला जेवलास का विचारते ना, तशी तिलाही विचारणारी कुणी असेल. त्या बाईला कधी मुलीची काळजी वाटली आणि तिनं कंपनीला विचारलं, तर कंपनी म्हणेल, ती आठवड्याला चाळीस तास काम करते. हे उत्तर तू तयार करून ठेवलं आहेस.

राजीनाम्याचं आत्ता मला विचारू नकोस, आणि तक्रारीचंही नाही. या शुक्रवारी एकच कर. टीमच्या शीट आल्या की सगळ्या परत पाठव आणि लिही, "जेवढं काम केलंत तेवढे तास भरा." जादा तास नॉन-बिलेबलमध्ये, म्हणजे क्लायंटला बिल न लागणाऱ्या तासांत, टाकायची सोय असेल तर तिथे टाकू देत, पण टाकू देत. स्वतःचे तेरा आधी भर. मग त्या शीट जशा आल्या तशा मंजूर कर.

साहेब झापतील. सोमवारी सकाळीच बोलावतील. त्यांना शांतपणे सांग, "मी जे झालं ते मंजूर केलंय. कमी करायचे असतील तर तुमच्या लॉगिनमधून परत पाठवा." यापुढे एकही तास तुझ्या नावानं कमी होता कामा नये. ज्याला तो खोडायचाय त्याचं नाव आणि तारीख सिस्टीममध्ये पडू दे. दीड वर्ष तू त्यांच्या हाताला डाग लागू दिला नाहीस, म्हणून ते ग्रुपवर इतक्या मोकळेपणानं लिहू शकतात.

47 हजारांचा हप्ता मी विसरलेले नाही. याची झळ तुला बसेल, रेटिंग अजून खाली जाईल कदाचित. ते धरूनच सांगतेय. तीन-चार महिने खऱ्या शीट साठल्या की मग पुन्हा लिही मला, तेव्हा राहायचं की सोडायचं यावर बोलू. एचआरसमोर बसलास तरी तेव्हा हातात काहीतरी असेल.

शुक्रवारच्या आधी मात्र त्या मुलीशी बोल. कॉलवर नको, ग्रुपवर नको, समोर बसून. सांग की तिचे तास बरोबर होते आणि तू ते चुकीचे करून घेतलेस. जूनची शीट पुन्हा उघडता येत असेल तर उघड आणि 61 कर. येत नसेल तर हेच तिला मेलवर लिहून दे, तारखेसकट. मेलच्या सुरुवातीला तिचं नाव नीट लिही. तुझ्या पत्रात ती नुसती फ्रेशर आहे.