शिडाच्या बोटीच्या लोखंडी कीलला गंज आणि बार्नेकल लागू नयेत म्हणून काय करावे?

तुम्ही विचारले आहे की, बोट बिडाच्या कीलची (म्हणजे तळाखालच्या जड पात्याची) आहे, दर वर्षी वर काढली की कीलवर बार्नेकलचा (चिकटून वाढणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांचा) थर आणि गंजाचे फोड दिसतात, तर खरवडून थेट तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (असे जीव धरू न देणारा) मारला तर दोन्ही कामे होतील का?

नाही होणार. उलट गंज वाढेल. बार्नेकल मारण्यासाठी रंगात जे तांबे घालतात, तेच उघड्या लोखंडाला खाऱ्या पाण्यात खाते. समुद्राच्या पाण्यात तांबे आणि लोखंड असे दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड झिजते. हे जुनेच दुखणे आहे. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘ॲलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. पत्रे स्वच्छ राहिले, पण त्यांना लागून असलेले लोखंडी खिळे झिजून गेले. जिथे दोहोंच्या मध्ये कागद राहून गेला होता, तिथले खिळे मात्र बचावले होते. पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याची झीज थांबवण्यासाठी त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. झीज थांबली, पण तांबे पाण्यात विरघळेनासे झाल्यामुळे तळावर शेवाळ आणि शिंपले धरू लागले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात आहे. लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये पाणी जाऊ न देणारा जाड थर हवा. गंज थांबवायचा तो या थराने, बार्नेकल थांबवायचे ते वरच्या रंगाने. दोन्ही कामे एका डब्यातून होत नाहीत.

खरी मेहनत खालच्या थरात आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. कीलवरच्या एखाद्या फोडाला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावून बघा. आतून काळपट पाणी ओघळते आणि रंगाची पापडी निघाली की खाली बारीक खड्डे असलेले काळे बीड दिसते. त्या खड्ड्यांत मीठ बसलेले असते. तारेच्या ब्रशने घासले की पृष्ठभाग चकचकीत होतो, पण खड्ड्यांतला गंज आणि मीठ तिथेच राहते. त्यावर कितीही चांगला प्रायमर मारा, पुढच्या हंगामात फोड त्याच जागी येतात. म्हणून आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि मग शक्य असेल तर सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार माऱ्याने सफाई) करून घ्या. धातू एकसारखा करडा दिसला पाहिजे. ब्लास्टिंगनंतर थोड्याच वेळात खड्ड्यांत काळे ठिपके उमटू लागले, तर मीठ अजून आत आहे असे समजा. पुन्हा धुवा, वाळवा आणि पुन्हा ब्लास्ट करा. हा दुसरा फेरा टाळावासा वाटतो, पण टाळू नका. दोन-चारच फोड असतील तर तेवढाच भाग ग्राइंडरने चांगल्या रंगाच्या कडेपर्यंत उघडा करून याच पद्धतीने करता येतो.

उघडे बीड दमट हवेत तासाभरातही तांबूस होऊ लागते. त्यामुळे इपॉक्सी प्रायमर (वर सांगितलेला पाणी अडवणारा थर याचाच) आधीच कालवायची तयारी ठेवा आणि पहिला हात त्याच दिवशी मारा. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असावे, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो. खड्डे इपॉक्सी पुटीने भरायचे ते पहिल्या हातानंतर, आधी नाही. कीलच्या धारदार कडांवरून रंग ओघळून पातळ होतो आणि गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. त्या कडा थोड्या गोल करा आणि प्रत्येक हातापूर्वी त्यांच्यावर ब्रशने एक वेगळा पट्टा ओढा. एकूण सुकी जाडी 300 मायक्रॉनच्या आसपास असावी. ब्रश-रोलरने ती चार-पाच हातांत येते. नक्की किती हात लागतील ते डब्याच्या माहितीपत्रकात पाहा आणि दोन हातांमधली वेळही त्यातलीच पाळा.

अँटीफाउलिंगचा पहिला हात इपॉक्सी पूर्ण कडक होण्याआधी मारावा. अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, ती वेळ बरोबर. ती चुकली तर इपॉक्सी कडक होऊ द्या आणि पॉलिश पेपरने खरखरीत करूनच पुढे जा. नुसते वरून मारले तर रंगाचे पापुद्रे निघतात.

बार्नेकलची अळी पाण्यात पोहत येते, पृष्ठभाग चाचपून जागा निवडते आणि स्वतःच्या सिमेंटने कायमची चिकटते. नुकतीच बसलेली ओल्या फडक्याने निघते. वाढलेली खरवडली तर मागे चुन्याची गोल चकती राहते आणि पत्र्याच्या खरवडणीचे टोक इपॉक्सीत घुसले तर गंजाला वाट मिळते. म्हणून प्लॅस्टिकची खरवडणी वापरा आणि जास्त वाट पाहू नका. बार्नेकल धरतात ते मुख्यतः न चालवता उभ्या ठेवलेल्या बोटीला.

रंग निवडताना तुमची सवय बघा. बोट नियमित चालत असेल तर हळूहळू झिजणारा रंग मला बरा वाटतो, कारण त्याचे जुने थर साचत नाहीत. पाण्यातच वारंवार घासणार असाल तर कडक रंग घ्या. झिजणाऱ्या रंगाचे दोन हात वेगवेगळ्या छटांचे मारा, म्हणजे खालची छटा दिसू लागली की वरचा हात संपला हे कळते. कीलच्या पुढच्या धारेवर एक हात जास्त. कुणी जुना कथिलयुक्त रंग देऊ केला तर घेऊ नका. त्याच्यावर 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे. आणि जुना अँटीफाउलिंग रंग कधीही कोरडा घासू नका. तो विषारी असतो, त्यामुळे पाणी मारूनच घासा आणि मास्क लावा.

ॲनोडबद्दल (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा): खाऱ्या पाण्यात जस्ताचा, निमखाऱ्यात ॲल्युमिनियमचा. तो कीलच्या धातूला थेट टेकलेला हवा आणि त्याच्यावर रंग अजिबात नको. रंगाला ओरखडा पडला तर तो तिथले लोखंड सांभाळतो, पण थराची जागा घेऊ शकत नाही. धक्क्यावर विजेची जोडणी सतत लावून ठेवत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, नाहीतर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींच्या धातूंशी तुमची कील जोडली जाते.

कीलचा तळ सगळ्यांचाच रंगवायचा राहून जातो, कारण बोट त्याच्यावरच टेकलेली असते. बोट पट्ट्यांवर उचलायची असेल तेव्हा यार्डाला आधीच सांगून थोडा वेळ मागून घ्या आणि ठोकळ्यांच्या जागा तेव्हा रंगवा. आणि कील जिथे बोटीच्या तळाला मिळते, त्या सांध्यातून गंजाचे पाणी पाझरताना दिसले, तर वरून पुटी भरून झाकू नका. तिथे पाणी कीलच्या बोल्टपर्यंत पोचलेले असू शकते, म्हणून रंगकाम बाजूला ठेवून आधी बोल्ट सर्व्हेअरकडून (बोटींची तपासणी करणाऱ्या जाणकाराकडून) तपासून घ्या.