कुशिंग आजार: कोणती ग्रंथी बिघडली, हे आधी कळू द्या

प्रश्न : आमची डॅशहंड कुत्री १० वर्षांची असून तिचे वजन ९ किलो आहे. चार महिन्यांपासून ती सारखी पाणी पिते, रात्री दोनदा लघवीसाठी उठवते. पोट सुटले आहे आणि पाठीवरचे केस विरळ झाले आहेत. रक्तात कॉर्टिसॉल वाढलेले निघाले, तरी डॉक्टर कुशिंग आजारासाठी आणखी चाचण्या सांगत आहेत. युरोपात मेंदूतली ग्रंथी काढून हा आजार बरा करतात, असे वाचले. मग थेट शस्त्रक्रियेचीच चौकशी करावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. कुशिंग म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीरात सतत जास्त तयार होण्याचा आजार. पण कॉर्टिसॉल रक्तात थांबून थांबून सुटते आणि दवाखान्याच्या धास्तीनेही चढते. त्यामुळे एकाच नमुन्यातल्या आकड्यावरून कुशिंग ठरवता येत नाही. त्याआधी एक गोष्ट आठवून पाहा : खाजेसाठी किंवा कानासाठी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने किंवा थेंब बरेच दिवस दिले गेले होते का? त्या औषधांनीही हुबेहूब हीच लक्षणे दिसतात आणि मग उपाय अगदी वेगळा असतो. तो म्हणजे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणे.

घरी आपण दोन कामे करू शकता. सकाळी मापून पाणी ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेले मोजा. ९ किलोच्या कुत्रीने दिवसाला ९०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे निश्चितच जास्त आहे. दुसरे, सकाळची पहिली लघवी लांब दांड्याच्या पळीत धरा. त्यातले कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारे टाकाऊ द्रव्य) यांचे प्रमाण नेहमीसारखे आले, तर कुशिंगची शक्यता फारच कमी उरते. वाढलेले आले तरी तेवढ्यावर निदान होत नाही, कारण इतर आजारांतही ते वाढते. हा नमुना दवाखान्याच्या फेरीनंतर दोन दिवस उलटल्यावरच घ्यावा.

यानंतरची मुख्य चाचणी डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या एका स्टेरॉइडची. सकाळी रक्त घेऊन या औषधाची अगदी अल्प मात्रा टोचतात आणि चार व आठ तासांनी पुन्हा रक्त घेतात. निरोगी शरीरात पीयूषिका, म्हणजे कॉर्टिसॉल बनवण्याचा हुकूम देणारी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी, हा इशारा ओळखून गप्प बसते आणि आठव्या तासाला कॉर्टिसॉल खाली आलेले असते. कुशिंगमध्ये ते तसे दबत नाही. चौथ्या तासाला उतरून आठव्याला पुन्हा चढले, तर दोष पीयूषिकेत असल्याचे कळते. हे कळणे फार महत्त्वाचे आहे. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत गाठ पीयूषिकेत असते, उरलेल्यांत मूत्रपिंडाजवळच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीत. तिथे शस्त्रक्रिया पोटाची करावी लागते, डोक्याची नव्हे. म्हणून पोटाची सोनोग्राफीही टाळू नये.

आपण वाचलेली शस्त्रक्रिया खरी आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी ती रुजवली. कुत्र्याचे तोंड पूर्ण उघडून, मऊ टाळू चिरून, कवटीच्या तळाच्या हाडाला छिद्र पाडून पीयूषिका काढतात. तिथल्या वीस वर्षांतल्या ३०६ कुत्र्यांचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला : चार आठवड्यांनंतर ९१ टक्के कुत्री जिवंत होती, त्यांपैकी ९२ टक्क्यांचा आजार ओसरला होता, आणि सुमारे चतुर्थांश कुत्र्यांत तो पुढे उलटला. हे यश मोठेच आहे. पण ग्रंथीच गेल्यामुळे कॉर्टिसोन आणि थायरॉइडची औषधे जन्मभर द्यावी लागतात, आणि लघवी आवरण्यासाठी काही काळ डेस्मोप्रेसिनही. असा अनुभवी चमू जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

त्यामुळे गाठ लहान असेल तर ट्रायलोस्टेन या औषधाने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने गाठ जात नाही, पण कॉर्टिसॉल आटोक्यात येते आणि बहुतेक कुत्री पुन्हा नीट झोपू लागतात. कुशिंगची कुत्री सहसा खा-खा करते; तिने एकाएकी अन्न सोडले, ती सुस्त होऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली किंवा गोल गोल फिरू लागली, तर गाठ मेंदूवर दाबत असल्याची शंका घेऊन एमआरआय करावा; शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारांची चौकशी तेव्हा तातडीने करावी. ट्रायलोस्टेन चालू असताना उलट्या झाल्या किंवा भूक मेली, तर मात्र कॉर्टिसॉल फार उतरल्याचीही शक्यता असते. अशा वेळी पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.