नॉर्वेतल्या बोर्गुंडचं लाकडी चर्च आठशे वर्षं टिकलं कसं? आत बघण्यासारखं काय आहे?

टिकलं ते पायामुळे. नॉर्वेत त्याआधीच्या लाकडी चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले असायचे. ओलाव्यानं बुंधे कुजले की इमारत गेलीच. बोर्गुंडला (बांधकाम साधारण ११८० नंतरचं) दगडांवर एकमेकींना छेदणाऱ्या जाड तुळया आडव्या टाकून त्यांवर खांब उभे केलेत. लाकडाला माती लागतच नाही. भिंतीच्या उभ्या फळ्याही तुळईच्या खाचेत बसवल्या आहेत. भोवती कोकणातल्या पडवीसारखी झाकलेली वाट आहे, ती पावसाचा मारा अंगावर घेते. शिवाय पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर वरचेवर फासतात. चर्च काळंकुट्ट दिसतं ते त्यामुळेच.

नशिबाचा वाटाही आहेच. अशी चर्चं एकेकाळी हजाराच्या आसपास असावीत, आज नॉर्वेत २८ उरलीत. १९व्या शतकात गावकरीच ती पाडून मोठी बांधत होते. बोर्गुंडलाही १८६८मध्ये शेजारी नवं चर्च झालं, पण जुनं वाचलं आणि १८७७मध्ये वारसा जपणाऱ्या एका संस्थेनं ते घेतलं. बर्गनजवळच्या फान्टोफ्टचं चर्च मात्र १९९२मध्ये कुणीतरी जाळलं. तिथे आता दिसतं ते नव्यानं उभारलेलं.

आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. उजेड येतो तो फक्त वरच्या छोट्या गोल झरोक्यांतून. डोळे सरावले की मान वर करा. खांबांमधल्या फुलीच्या आकाराच्या आडव्यातिडव्या पट्ट्या आणि बाकदार लाकडी आधार नुसती शोभा नाहीत, वाऱ्याचा जोर तेच पेलतात. मला तरी या लाकूडकामापुढे वेदीवरचं १६५४ सालचं चित्र फिकं वाटलं. भिंतींवर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेली अक्षरं शोधा, त्यांत एके ठिकाणी 'आवे मारिया' (मेरीच्या प्रार्थनेचे शब्द) आहे. बाहेर पश्चिमेच्या दारावर वेली आणि ड्रॅगन एकमेकांत गुंतलेत. छपरावर ड्रॅगनची मुंडकी आणि क्रूस दोन्ही आहेत, आणि बांधणाऱ्यांना त्यात काही खटकलेलं दिसत नाही.

कोरीवकामासाठीच जाणार असाल तर उर्नेसचं लाकडी चर्च चुकवू नका. तिथलं उत्तरेकडचं दार ११व्या शतकातलं, आधीच्या चर्चचं काढून नव्याला बसवलेलं. देवळांच्या द्वारशाखा निरखायची सवय असेल तर अर्धा तास तिथेच जाईल. सोल्वोर्नहून फेरीबोट मिळते.